पाकटाचा कांटा

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर चेसापीक नांवाचा जो लांबलचक उपसागर आहे, त्याच्या नकाशावर रॅपाहॅनॉक नदीच्या मुखापाशीं दोन नांवें लक्ष वेधून घेतात. मुखाच्या दक्षिणेकडील भूशिरास ‘स्टिंगरे पॉइंट’, म्हणजे पाकट माशाचें टोंक, असें म्हणतात. नदीचें मुख ओलांडून उत्तरेस गेलें कीं एक लहानशी खाडी लागते. तिचें नांव ‘अँटिपॉयझन क्रीक’, म्हणजे विषाच्या उताऱ्याची खाडी. हीं दोन्ही नांवें एकाच माशाच्या एकाच दंशापासून निघालीं असें त्या प्रांतांतील लोक सांगतात. विष एका तीरावर आणि उतारा दुसऱ्या तीरावर, ही मांडणी इतकी सोयीस्कर आहे कीं इतिहासाच्या अभ्यासकास तिच्याकडे पाहून थोडासा संशय आल्यावांचून राहत नाहीं. त्या संशयाचा माग काढीत आम्ही कांहीं जुनीं वृत्तें चाळलीं, आणि जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

पाकट मासा आमच्या वाचकांपैकीं ज्यांचें बालपण कोंकणांत गेलें त्यांस नवा नाहीं. होड्या बंदरास लागल्या म्हणजे टोपल्यांतून कधीं कधीं पंख पसरलेल्या वटवाघुळासारखा एक चपटा जीव वाळूवर येऊन पडतो. जाणता कोळी आधीं त्याच्या शेपटीकडे पाहतो, मग माशाकडे. त्या चाबकासारख्या शेपटीवर एक कांटा असतो, कधीं एकाहून अधिकहि असतात. कांट्याच्या दोन्ही कडांस करवतीसारखे दांते असून त्यांचीं टोंकें उलट, म्हणजे माशाच्या अंगाकडे वळलेलीं असतात. त्यामुळें कांटा शिरतो सहज, पण निघतांना मांस फाडूनच निघतो. त्याच्यावर त्वचेचें पातळ आवरण असतें, आणि खालच्या बाजूच्या दोन पन्हळींत विष निर्माण करणारा मऊ भाग दडलेला असतो. कांटा रुतला म्हणजे आवरण फाटतें आणि विष जखमेंत उतरतें. सापासारखी विषाची थैली नाहीं, पिचकारी नाहीं. सारी व्यवस्था साधी आणि केवळ बचावाची आहे. भक्ष्य मिळविण्याकरितां हा मासा कांट्याचा उपयोग कधींच करीत नाहीं. कालवें, शिंपले, खेकडे हें त्याचें अन्न, आणि तें फोडण्यास त्याचे दांत समर्थ असतात. नदीचें गोडें पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यांत मिसळतें अशा उथळ जागीं, तळच्या रेतींत किंवा चिखलांत, अंगावर मातीची चादर ओढून तो पडून राहतो. कोणाचा पाय अंगावर पडला तरच शेपटी उसळते.

अशा या निरुपद्रवी प्राण्यास मनुष्यानें फार प्राचीन काळापासून भयंकर ठरविलें आहे. ट्रॉयचा वीर ओडिसियस शेवटीं मेला तो याच कांट्यानें, अशी कथा ग्रीक लोकांत प्रचलित होती. त्याचा पुत्र टेलेगोनस याच्या भाल्यास पाकटाच्या कांट्याचें पातें बसविलेलें होतें, आणि बापास न ओळखतां त्यानें तो भाला चालविला. हें आख्यान ज्या महाकाव्यांत होतें तें ‘टेलेगोनी’ आज नष्ट झालें असून त्याचा सारांश मात्र उरला आहे. रोमन ग्रंथकार प्लिनी याच्या मतें तर हा कांटा झाडाच्या मुळांत रोवला असतां झाडसुद्धां मरतें. डायोस्कोरिडीझ हा वैद्य तोच कांटा दांतदुखीवर सांगतो! मध्य अमेरिकेंतील माया लोकांचे राजे देवतांस स्वतःचें रक्त अर्पण करण्यासाठीं पाकटाचे कांटे वापरीत, आणि त्यांच्या थडग्यांतून ते कांटे आजहि सांपडतात. असो. आपणांस जावयाचें आहे तें सतराव्या शतकांतील व्हर्जिनियांत.

इ. स. १६०७ च्या मे महिन्यांत तीन गलबतांतून आलेल्या शंभरावर इंग्रजांनीं जेम्स नदीच्या कांठीं जेम्सटाउन ही वसाहत घातली. जागा दलदलीची, पाणी मचूळ, आणि आलेल्यांपैकीं पुष्कळ मंडळी हातानें काम करण्याची संवय नसलेली. १६०८ च्या जानेवारींत नवें गलबत मदतीस येऊन पोहोंचलें तेव्हां पहिल्यांपैकीं अवघीं अडतीस माणसें जिवंत होतीं. या मंडळींत जॉन स्मिथ हा अठ्ठावीस वर्षांचा कॅप्टन होता. हंगेरी व ट्रान्सिल्व्हेनिया या देशांत तुर्कांशीं लढलेला, लढाईंत सांपडून गुलाम म्हणून विकला गेलेला आणि तेथून निसटलेला हा मनुष्य मोठा धाडसी, हिशेबी आणि उद्धट होता. वसाहतींतील थोरामोठ्यांशीं त्याचें जुळत नसे. परंतु मूळच्या रहिवाशांशीं व्यापार करून धान्य आणण्याचें काम त्याच्याइतकें दुसऱ्या कोणास साधत नव्हतें, हें त्याच्या शत्रूंनाहि ठाऊक होतें.

पॅसिफिक महासागराकडे जाणारी वाट आणि सोन्यारुप्याची खाण, या दोन गोष्टी शोधून काढा असा लंडनच्या कंपनीचा लकडा होता. त्याकरितां स्मिथ चौदा सोबत्यांसह सुमारें तीन टनांच्या एका उघड्या नौकेंतून २ जून १६०८ रोजीं निघाला. उपसागराची लांबी दोनशें मैल, आणि सरासरी खोली मात्र वीस-एकवीस फूट. एवढ्या विस्ताराचें इतकें उथळ पाणी असल्यामुळें वाऱ्याचा जोर होतांच लाटा उठत, आणि ओहोटी लागली कीं नौका चिखलांत बसे. वादळांत डोलकाठी मोडली, सदऱ्यांचीं शिडें शिवावीं लागलीं, पावसानें भाकरी कुजली. पोटोमॅक नदींत मासे इतके दाट होते कीं त्यांचीं डोकीं पाण्यावर दिसत. जाळें जवळ नसल्यानें मंडळींनीं तळण्याच्या तव्यानेंच मासे धरण्याचा प्रयत्न करून पाहिला; या कामास तवा उपयोगी नाहीं, असा अनुभव त्यांनीं गंभीरपणें नमूद करून ठेवला आहे. एवढा विनोद त्या सफरींत होता. सोनें मिळालें नाहीं, पॅसिफिकची वाटहि मिळाली नाहीं.

परत फिरतांना, जुलैच्या मध्यास, रॅपाहॅनॉकच्या मुखापाशीं ओहोटीनें नौका रुतली. भरती येईपर्यंत करावयाचें काय? उथळ पाण्यांत, गवताच्या बेटांमधून मासे लपलेले दिसत होते. स्मिथनें तलवार उपसली आणि तिच्या टोंकानें एकेक मासा तळाशीं खिळून वर काढूं लागला. बाकीच्यांनींहि तेंच केलें, आणि घटकाभरांत सर्वांस पुरून उरतील इतके मासे जमले. त्यांतच एक मासा निराळा होता. इंग्लंडांतील कांटेरी चपट्या माशासारखें त्याचें अंग होतें, शेपटी घोडेस्वाराच्या छडीसारखी लांब होती. त्याची ओळख नसल्यामुळें स्मिथनें तलवारीच्या टोंकावरून तो हातानें सोडविला. शेपटी उसळली आणि दोनतीन इंच लांबीच्या कांट्यापैकीं जवळजवळ दीड इंच त्याच्या मनगटांत घुसला.

रक्त आलें नाहीं. एक लहानसा निळसर डाग मात्र दिसला. पण वेदना तत्काळ इतकी असह्य झाली, आणि चार तासांत पंजा, दंड व खांदा इतके सुजले, कीं त्याच्या मृत्यूविषयीं कोणासहि शंका उरली नाहीं. स्वतः स्मिथनेंच जागा दाखविली आणि जवळच्या बेटावर सोबत्यांनीं त्याच्यासाठीं खड्डा खणून ठेवला. त्या चौदा जणांच्या मनाची स्थिति काय झाली असेल याची कल्पना आम्ही करूं शकतों. त्यांतील बरेच आजारी होते, आणि वाट ठाऊक असलेला एकच मनुष्य डोळ्यांसमोर फुगत चालला होता. बरोबर डॉक्टर वॉल्टर रसेल हे वैद्य होते. त्यांनीं सळईनें जखम तपासून तीवर एक मौल्यवान तेल लाविलें. संध्याकाळपर्यंत दुःख उतरलें, आणि रात्रीं कॅप्टनसाहेबांनीं त्याच माशाचें जेवण केलें! खणलेला खड्डा तसाच राहिला आणि बेटास पाकटाचें नांव मिळालें. आज नकाशावर बेट नाहीं, भूशिर आहे. नांव टिकलें आहे.

ही हकीकत १६१२ सालीं ऑक्सफर्ड येथें छापलेल्या ग्रंथांत प्रथम आली, आणि पुढें १६२४ सालच्या स्मिथच्या मोठ्या इतिहासांत पुन्हां छापली गेली. स्मिथच्या लिहिण्यावर विश्वास किती ठेवावा हा वाद जुना आहे. पोकाहाँटस या राजकन्येनें आपलें मस्तक त्याच्या मस्तकावर ठेवून त्याचे प्राण वांचविले, ही जगप्रसिद्ध कथा त्याच्या १६०८ च्या वृत्तांतांत मुळींच नाहीं, ती १६२४ च्या ग्रंथांत येते, या विसंगतीवर हेन्री ॲडम्स या इतिहासकारानें १८६७ सालीं सडकून टीका केली होती. पाकटाच्या गोष्टीस तो आक्षेप लागू पडत नाहीं. ती चार वर्षांतच छापली गेली, तीहि सोबत्यांच्या नांवानें. मात्र ते सोबती कोण? हें प्रकरण ज्यांच्या नांवावर आहे त्यांत अनास टॉडकिल या शिपायाबरोबर पहिलें नांव आहे तें वॉल्टर रसेल यांचें! म्हणजे रोगी मरणार होता असें सांगणारे तेच, तेल लावणारे तेच, आणि त्या तेलानें गुण आला असें लिहून ठेवणारेहि तेच. वैद्यांनीं आपल्याच उपचाराचा इतिहास लिहावा यांत गैर कांहीं नाहीं. परंतु वाचणारानें तो वैद्याचा लेख म्हणून वाचावा, एवढेंच आमचें म्हणणें.

मासा कोणता, हाहि प्रश्न विचारण्याजोगा आहे. चेसापीकमध्यें उन्हाळ्यांत मोठाल्या थव्यांनीं येणारा, पुढील भाग गाईच्या नाकपुड्यांसारखा दुभंगलेला असा एक पाकट आहे. सॅम्युएल मिचिल या न्यूयॉर्कच्या पंडितानें १८१५ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन केलें. स्मिथला डसला तो हाच, असें बहुतेक पुस्तकांत बेधडक छापलेलें असतें. पण मूळ वृत्तांतांत कांटा शेपटीच्या मध्यावर असल्याचें सांगितलें आहे, आणि गाईच्या नाकाच्या पाकटाचा कांटा तर शेपटीच्या अगदीं मुळाशीं असतो. शिवाय हा मासा थव्यानें पोहणारा. एकटा रेतींत पुरून घेऊन बसणाऱ्यांपैकीं नव्हे. त्याच उपसागरांत तळाशीं पडून राहणारे, खरोखर छडीसारख्या शेपटीचे दुसरे पाकट उन्हाळ्यांत येतात, आणि त्यांचा कांटा शेपटीवर पुष्कळ मागें असतो. ज्याच्या मनगटांत कांटा शिरला त्याची, आणि ज्यानें तो प्रत्यक्ष पाहिला त्याची साक्ष मानावयाची, तर आमचा कौल या दुसऱ्या जातीकडे पडतो. हा केवळ मत्स्यशास्त्राचा कीस नव्हे. पुढें या चुकीच्या ओळखीची गांठ एका मोठ्या आरोपाशीं पडणार आहे.

तत्पूर्वीं या दंशाची दुसरी हकीकत. नौका जेम्स नदीच्या मुखाजवळ केकोटन या गांवीं आली तेव्हां तेथील रहिवाशांनीं पाहिलें, कीं कॅप्टनचा हात बांधलेला आहे, दुसऱ्या एकाच्या नडगीवर रक्त आहे, आणि नौकेंत धनुष्यें, बाण, ढाली व कातडीं भरलेलीं आहेत. तेव्हां हे लढाई करून आले असें त्यांनीं ठरविलें. खरें कारण सांगितलें तें त्यांना पटेना. एका माशानें एवढ्या योद्ध्याचा हात असा केला यावर कोण विश्वास ठेवणार? मग इंग्रजांनीं त्यांना जें ऐकावयाचें होतें तेंच, मोठें गुपित म्हणून, सांगून टाकिलें: उत्तरेकडील मॅसावोमेक या बलाढ्य लोकांशीं आम्ही लढलों आणि त्यांची लूट घेऊन आलों. ती बातमी नौकेच्या आधीं नदीवर वर पोहोंचली. हा मजकूर त्याच वृत्तांतांत, कोणतीहि लाज न बाळगतां, लिहिलेला आहे. तीन दिवसांत पाकटाच्या कांट्याचा मॅसावोमेकांचा बाण झाला. आणि मूठभर, भुकेल्या, आजारी परदेशीयांविषयीं त्या किनाऱ्यावर जो दरारा होता, त्यांत या माशानेंहि नकळत भर घातली.

तिसरी हकीकत ग्रंथांत नाहीं, ती खाडीच्या नांवांत आहे. लँकेस्टर परगण्यांतील लोक सांगतात कीं स्मिथ तडफडत असतां मूळच्या रहिवाशांनीं त्याला या खाडीवरचें औषध दिलें, कोणी म्हणतात तेथील चिखलाचा लेप दिला, आणि म्हणून ती उताऱ्याची खाडी. रसेल व टॉडकिल यांच्या वृत्तांतांत त्या प्रसंगीं जवळ कोणी रहिवासी असल्याचा एक शब्दहि नाहीं. एवढ्यावरून ही आख्यायिका खोटी ठरवून मोकळें होणें सोपें आहे, आणि कागदावर विसंबणारे आम्ही तिला पुरावा म्हणून स्वीकारूं शकत नाहीं. तथापि एक गोष्ट मनांतून जात नाहीं. ज्या लोकांच्या कित्येक पिढ्या त्या उथळ पाण्यांत उघड्या पायांनीं वावरल्या, बांबूसारख्या काठ्यांचे कूड घालून ज्यांनीं मासे धरले, त्यांना पाकट कसा डसतो आणि डसल्यावर काय करावें हें ठाऊक नसेल असें कोण म्हणेल? स्मिथला मात्र तो मासा ओळखतां आला नाहीं. ज्यांना ठाऊक होतें त्यांनीं ग्रंथ लिहिले नाहींत. ज्यांनीं ग्रंथ लिहिले त्यांना ठाऊक नव्हतें. खाडीचें नांव गोऱ्या वसाहतवाल्यांच्याच भाषेंत आहे हेंहि विसरतां कामा नये. म्हणजे उपकाराची ही आठवण, खरी असो वा खोटी, उपकार घेणाऱ्यांच्या वंशजांनींच जपली आहे.

मग स्मिथला वांचविलें कोणीं? तेलानें कीं चिखलानें? आजचें वैद्यकशास्त्र बहुधा दोघांसहि श्रेय देणार नाहीं. पाकटाच्या दंशाची वेदना पहिल्या दीड तासांत शिगेस पोहोंचते आणि पुढें आपोआप उतरूं लागते. सूज राहते, कधीं दोन दिवस दुखतें, पण हातापायावरील दंशानें मनुष्य क्वचितच मरतो. जखम चिघळली तर गोष्ट वेगळी. या विषाचा अभ्यास विसाव्या शतकाच्या मध्यास कॅलिफोर्नियांत ज्यांनीं नेटानें केला, १९५३ सालीं अशा दंशांचा व त्यांवरील उपचारांचा आढावा प्रसिद्ध केला, त्या डॉक्टरांचें नांवहि योगायोगानें रसेल, फिंडले रसेल, असेंच आहे. हें विष उष्णतेनें नासतें. म्हणून आज जो पहिला उपाय सांगतात तो फार साधा आहे: जखम धुवून तो अवयव सोसेल तितक्या ऊन पाण्यांत, सुमारें पंचेचाळीस अंश सेंटिग्रेडपर्यंतच्या, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा, कांट्याचा तुकडा आंत राहिला असल्यास डॉक्टरांकडून काढून घ्यावा. छातींत किंवा पोटांत कांटा गेला असेल तर तो उपटूं नये व विनाविलंब रुग्णालय गांठावें. पहिल्या रसेलसाहेबांनीं आपलें तेल मौल्यवान होतें हें आवर्जून लिहिलें. तें ऊन होतें कीं थंड होतें हा एक शब्द त्यांनीं अधिक लिहिता तर पुढच्या वैद्यांवर त्यांचे खरे उपकार झाले असते.

दंशानंतर आठवडा उलटतो न उलटतो तों, २४ जुलै रोजीं, स्मिथ पुन्हां त्याच उपसागरांत शिरला. या दुसऱ्या सफरींत रॅपाहॅनॉकच्या कांठीं रिचर्ड फेदरस्टोन नांवाचा सोबती आजारानें मेला, आणि महिन्यापूर्वीं ज्या नदीच्या मुखाशीं खणलेला खड्डा रिकामा राहिला होता, त्याच नदीवर खरें प्रेत पुरावें लागलें. १० सप्टेंबर रोजीं स्मिथ वसाहतीचा अध्यक्ष झाला. काम न करील त्यास अन्न नाहीं, हा त्याचा कडक नियम याच कारकीर्दींतला. १६०९ च्या ऑक्टोबरांत, दारूच्या पिशवीचा भडका उडून भाजल्यामुळें, तो इंग्लंडास गेला; त्यानंतरचा हिवाळा व्हर्जिनियाच्या इतिहासांत भुकेचा काळ म्हणून कुप्रसिद्ध आहे. उंदीर, जोडे, आणि अखेर माणसांचीं प्रेतेंहि खाण्याची पाळी येऊन १६१० च्या वसंतांत जेम्सटाउनमध्यें सुमारें साठ जण उरले. एक मनुष्य नसल्यानेंच हें झालें असें आम्ही म्हणत नाहीं. त्या वर्षीं अवर्षण होतें, शेजाऱ्यांशीं युद्ध होतें, आणि त्या युद्धास स्मिथची अरेरावीहि कारण होती. परंतु तो १६०८ च्या जुलैंतच त्या बेटावर पुरला जाता, तर चेसापीकचा १६१२ चा तो प्रसिद्ध नकाशा निघाला नसता, पोकाहाँटसची कथा कोणास ठाऊक झाली नसती, आणि कदाचित् भुकेचा काळ एक वर्ष आधीं आला असता. इंग्रजी अमेरिकेचा उदय त्या दिवशीं दीड इंच कांट्यावर तोलला गेला होता, हें म्हणणें अतिशयोक्तीचें असलें तरी अगदींच पोकळ नाहीं.

आतां माशाच्या बाजूनें दोन शब्द. ४ सप्टेंबर २००६ रोजीं ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावर प्राणिमित्र स्टीव्ह अर्विन यांच्या छातींत पाकटाचा कांटा शिरून त्यांचा मृत्यु झाला. तो कांट्याच्या घावानें झाला, आणि असे मृत्यु अत्यंत विरळा आहेत. पण पुढील कांहीं दिवसांत तेथील किनाऱ्यावर शेपट्या छाटलेले मेलेले पाकट सांपडूं लागले. ज्या मनुष्यानें आयुष्यभर असल्याच प्राण्यांची वकिली केली त्याच्या नांवानें हा सूड!

पुढल्याच वर्षीं चेसापीकच्या पाकटावर निराळा आरोप आला, आणि तो सूडाच्या भावनेनें नव्हे तर शास्त्राच्या नांवानें आला. मार्च २००७ मध्यें ‘सायन्स’ या नियतकालिकांत रॅन्सम मायर्स व त्यांचे सहकारी यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. मोठ्या शार्कांची अतोनात मासेमारी झाल्यामुळें त्यांचें भक्ष्य असलेले गाईच्या नाकाचे पाकट बेसुमार वाढले, आणि त्यांनीं नॉर्थ कॅरोलिनामधील शिंपल्यांचा शंभर वर्षांचा धंदा बुडविला, असा त्याचा आशय होता. कार्यकारणाची सांखळी इतकी सुबक होती कीं ती पाठ्यपुस्तकांत गेली. कालवांच्या ऱ्हासानें हवालदिल झालेल्या चेसापीकच्या लोकांना आरोपी हवाच होता. ‘उपसागर वांचवा, पाकट खा’ अशी घोषणा निघाली. गिऱ्हाइकानें नाक मुरडूं नये म्हणून माशाचें बारसें नव्यानें करून त्याला ‘चेसापीक रे’ म्हणूं लागले. आणि नद्यांच्या मुखांशीं धनुष्यबाणांनीं पाकट मारण्याच्या स्पर्धा भरूं लागल्या. जून महिन्यांत पिल्लें घालण्यासाठीं उथळ पाण्यांत आलेल्या माद्याच त्यांत अधिक मारल्या गेल्या. जो सर्वांत जड मासा आणील त्यास बक्षीस, मग गाभण मादीइतकें जड दुसरें काय असणार?

२०१६ सालीं डीन ग्रब्ज व इतर शास्त्रज्ञांनीं तो सगळा पुरावा पुन्हां तपासला. ही मादी सातआठ वर्षांची होईपर्यंत वयांत येत नाहीं, आणि पुढें वर्षास एकच पिल्लू देते. अशी जात दहापंधरा वर्षांत अनेक पटींनीं फुगणें शक्य नाहीं, हा त्यांचा पहिला मुद्दा. कालवांचा व शिंपल्यांचा ऱ्हास या कथित वाढीच्या आधींच सुरू झाला होता, हा दुसरा. चेसापीकचीं कालवें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसांनीं लोखंडी फाळ ओढून खरडून नेलीं, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास दोन रोगांनीं उरलेलीं मारलीं. मूळच्या संख्येच्या सुमारें एक शतांश राहिलीं असें सांगतात. त्या विध्वंसाच्या वेळीं पाकटांचें नांवहि कोणी घेतलें नव्हतें. २०१७ सालीं मेरीलंड राज्यानें या स्पर्धांवर तात्पुरती बंदी घातली आणि माशांच्या रक्षणाची योजना करण्याचें ठरविलें.

त्या धनुर्धाऱ्यांच्या करमणुकीस स्मिथच्या गोष्टीचा आधार अनेकदां दिला जाई: पाहा, याच दुष्टानें आमच्या कॅप्टनला जवळजवळ मारलें होतें. वर आम्हीं दाखविल्याप्रमाणें तो हा मासाच नसावा. आणि असला तरी तलवारीनें आधीं कोणीं कोणास भोंसकलें होतें?

कूर्मगतीनें कां होईना, शास्त्रज्ञांनीं या माशाच्या वर्षाच्या फेऱ्याचा छडा लाविला आहे. मे महिन्यांत पाणी ऊन होऊं लागलें कीं गाईच्या नाकाचे पाकट दक्षिणेकडून थवे करून उपसागरांत येतात, जून-जुलैंत पिल्लें घालतात, आणि थंडी पडण्यापूर्वीं निघून जातात. शरीरांत बसविलेल्या संदेशयंत्रांवरून असें दिसून आलें कीं हिवाळा ते फ्लोरिडाच्या केप कॅनाव्हरलजवळ काढतात, आणि उन्हाळा परतला म्हणजे ज्या नदीच्या पाण्यांत गेल्या वर्षीं होते त्याच पाण्यांत पुन्हां येतात. ओहोटीच्या वेळीं रॅपाहॅनॉकच्या मुखाशीं त्यांच्या पंखांचीं टोंकें पाण्याबाहेर आलेलीं दिसलीं म्हणजे पाहुणे लोक शार्क आला म्हणून ओरडतात, आणि तेथले कोळी हंसतात.